मधला दिवस : ‘शहीद भाई कोतवाल’ चित्रपट आणि दोन जानेवारीचा पाठ

आपल्या शाळेत राहून गेलेल्या प्रत्येकाला जानेवारीचे पहिले तीन दिवस आठवत असतील. एक तारखेला भल्या पहाटे मोठी मुले भीमा-कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी शिक्षकांबरोबर घाट चढून जातात; लहान मुले सभागृहात त्रिशरण-पंचशील ग्रहण करून १८१८ च्या लढाईचा इतिहास ऐकतात. तीन तारखेला सावित्रीमाईंची जयंती असते. मधली दोन तारीख मात्र वर्षानुवर्षे सतरंज्या झटकण्याची, फलक बदलण्याची आणि मुलींची भाषणे पाठ करून घेण्याची होती. त्याच सकाळी, येथून उत्तरेला मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात लोक थंडीत जमतात आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील या दोन हुतात्म्यांना अभिवादन करतात. भाई कोतवाल आपल्याच कर्जत तालुक्यातले, माथेरानचे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणारी आपली माणसे दादरला ज्या कोतवाल उद्यानाच्या कुंपणाशी क्षणभर टेकतात, ते उद्यान त्यांच्याच नावाचे आहे. हे आमच्या मुलांना माहीत नव्हते. आणि खरे सांगायचे तर इतिहास विषयात एम.ए. करूनही आम्ही ते त्यांना कधी सांगितले नव्हते.

निमित्त झाले एका चित्रपटाचे. एकनाथ देसले यांच्या दिग्दर्शनाखालील ‘शहीद भाई कोतवाल’ हा मराठी चित्रपट जानेवारी २०२० मध्ये प्रदर्शित झाला. भाईंची भूमिका आशुतोष पत्की यांनी केली आणि त्यांच्या पत्नी इंदू यांची ऋतुजा बागवे यांनी. दोनच महिन्यांत टाळेबंदी आली, चित्रपटगृहे बंद झाली. पुढे शाळा पूर्ववत सुरू झाल्यावर आम्ही नववी-दहावीच्या मुलांना तो सभागृहात दोन संध्याकाळी दाखवला आणि नंतर चार तासिका त्यावर घेतल्या. हा लेख त्या चार तासिकांचा आहे. चित्रपटाचे परीक्षण आम्ही येथे करणार नाही. तो आमचा प्रांत नव्हे.

आमच्या मुलांना चित्रपट ही दूरची गोष्ट वाटत नाही. कर्जत-चौक रस्त्यावरून जाता-येता खालापूर तालुक्यातला स्टुडिओ त्यांनी बाहेरून पाहिला आहे, काहींनी आतून. तो उभारणारे कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांना जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, हे सांगितल्यावर वर्गात एकच कुजबुज झाली. एक मुलगा म्हणाला, “सर, तिथला किल्ला फळ्यांचा असतो. मागून गेले की बांबू दिसतात.” आमच्या पाठाला याहून चांगला आरंभ मिळाला नसता. चित्रपट समोरून पाहावाच, पण एकदा मागून जाऊन बांबूही पाहावेत, असे ठरले.

प्रथम जीवनपट. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. माथेरान तेव्हा साहेबांचे आणि मुंबईच्या धनिकांचे थंड हवेचे ठिकाण होते. १९०७ साली नेरळहून छोटी गाडी वर गेली, तरी बंगल्यांना पाणी, लाकूड, दाढी-हजामत पुरवणारी माणसे पायवाटांनीच चढत-उतरत होती. त्या माणसांपैकी एकाचा मुलगा पुण्यात शिकला, वकील झाला आणि माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. ज्या बंगल्यांच्या मागल्या दाराने त्याच्या जातीची माणसे आत जात, त्या बंगल्यांच्या गावाचा कारभार तो खुर्चीवर बसून पाहू लागला. हे वाक्य आम्ही वर्गात दोनदा वाचले.

परंतु भाईंचे मोठेपण खुर्चीत नव्हते. डोंगरउतारावरच्या वाड्या-वस्त्यांत त्यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने शाळा काढल्या आणि शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी चालवली. धान्यकोठी म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावून सांगावे लागते. आपल्या भागात भाताचे पीक एकच. आषाढ-श्रावणात घरातले धान्य संपते, आणि नेमके तेव्हाच आवणीचे कंबरमोड काम असते. मग सावकाराकडून खावटी काढायची. पावसाळ्यात नेलेले एक मण भात सुगीत दीड मण म्हणून परत करायचे. ज्याचे खळे असे निम्मे रिकामे होते, तो पुढच्या आषाढात पुन्हा त्याच दारात उभा राहतो. धान्यकोठीत सुगीच्या वेळी सर्वांनी थोडे थोडे धान्य जमा करायचे आणि अडचणीत त्यातूनच उचल करायची. नड तीच, पण उंबरठा सावकाराचा नाही. ज्यांचे आजोबा खोतांच्या जमिनी कसत होते, अशा आपल्या पालकांना यातले मर्म सांगण्याची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, १९३३ पासून चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ संप चालवला होता. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. भाईंची धान्यकोठी याच काळातली, याच दुखण्यावरची आहे. चित्रपटात बंदूक अधिक लक्षात राहते. आमच्या मते कोठी अधिक लक्षात राहायला हवी होती. पण धान्य मोजणाऱ्या माणसाकडे प्रेक्षक किती वेळ पाहील, हा निर्मात्यांचाही प्रश्न असतो.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ची हाक आली. भाई भूमिगत झाले. शेतकरी आणि शाळांतील शिक्षक यांना बरोबर घेऊन त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला. या दस्त्याचे मुख्य लक्ष्य होते मुंबईकडे वीज नेणारे मनोरे. का, ते नकाशावर पाहिले की कळते. टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. एक खालापुरात, दुसरे कर्जतमध्ये. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी आपल्या डोंगरावरून खाली येई, आपल्या तालुक्यात त्याची वीज होई, आणि ती आपल्या वाड्यांच्या डोक्यावरून थेट मुंबईच्या गिरण्यांना जाई. खाली वाडीत रॉकेलची चिमणी. १९४२ च्या पावसाळ्यानंतर दस्त्याने एकामागून एक मनोरे पाडले. सरकारने पाठलाग सुरू केला आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठले. हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तेथेच मारले गेले. भाईंचे वय तीस वर्षे एक महिना.

येथे वर्गात हात वर झाला. प्रश्न नववीतल्या मुलीचा होता: “सर, भाई मनोरे पाडत होते तेव्हा बाबासाहेब कुठे होते?”

हा प्रश्न येणार हे आम्हांला माहीत होते, आणि कदाचित म्हणूनच आम्ही दोन जानेवारीला इतकी वर्षे सतरंज्या झटकत होतो. पहिल्या दिवशी आम्ही “उद्या सांगतो” म्हणून वेळ मारून नेली. रात्री ते मनाला लागले. मुलांना प्रश्न विचारायला शिकवायचे आणि नेमका प्रश्न आला की घंटेची वाट पाहायची, हे बाबासाहेबांच्या नावाने चालणाऱ्या वर्गात शोभणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तारखा लिहिल्या. जुलै १९४२ : बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले. १८ ते २० जुलै : नागपूरची अखिल भारतीय दलित वर्ग परिषद, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना. ७ ऑगस्ट : दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद, अध्यक्ष बाबासाहेब. ८ ऑगस्ट : गोवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव. सलग दोन दिवस, दोन शहरे.

बाबासाहेबांचा या चळवळीला विरोध होता, हे लपवण्याचे कारण नाही. जपानी फौजा देशाच्या सीमेपर्यंत आल्या असताना देशात बेबंदशाही माजवणे त्यांना घातक वाटत होते. आणि सत्ता कोणाच्या हाती जाणार, त्यात अस्पृश्यांचे हक्क कोठे लिहिलेले असणार, याचे उत्तर त्यांना कोणीच दिले नव्हते. त्याच वर्षीच्या क्रिप्स योजनेनेही दिले नव्हते. आणखी एक गोष्ट मुलांना चकित करून गेली. मजूर खात्यातच तेव्हा वीज आणि पाटबंधारे हे विषय होते. पुढच्या चार वर्षांत देशाच्या वीजनिर्मितीच्या धोरणाचा आणि दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया घालण्यात बाबासाहेबांचा मोठा वाटा राहिला. एक माणूस विजेचे मनोरे पाडत होता. दुसरा, वीज सर्वांची कशी होईल याचा आराखडा करत होता. ज्याचे पणजोबा भायखळ्याच्या गिरणीत होते, तो मुलगा म्हणाला, “मनोरा पडला की गिरणी बंद. मग रोज कोणाचा बुडायचा?” दुसरा लगेच म्हणाला, “पण वाडीत उजेड नव्हताच ना.” दोघेही खरे बोलत होते. आम्ही त्या वादात निकाल दिला नाही.

काही ज्येष्ठांनी पुढे आम्हांला विचारले, की काँग्रेसच्या चळवळीतल्या माणसासाठी आपण दिवस का पाळावा? आमचे उत्तर असे की आपण चळवळीला सलाम करत नाही. धान्यकोठी आणि वाडीवरची शाळा चालवणाऱ्या नाभिकाच्या मुलाचे स्मरण करतो. त्यात एक जुना काटाही आहे, तोही काढून पाहिला पाहिजे. बाबासाहेबांच्या लहानपणी न्हावी त्यांचे केस कापत नसत. थोरली बहीण केस कापी. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. जातीची उतरंड अशी की ज्याला वरचा हीन मानतो, तो खालच्याला शिवत नाही. पण त्याच समाजातल्या मुंबईच्या न्हाव्यांनी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असा निर्धारही केला होता. काटा आणि निर्धार दोन्ही एकाच वस्तऱ्याच्या इतिहासात आहेत.

आता विवाहाकडे येऊ. आमच्या चार तासिकांपैकी दोन याच विषयाने घेतल्या.

चरित्रपटात सार्वजनिक लढा आणि संसार एकत्र गुंफलेले असतात; परंतु दोन्हींचा धागा एकाच सुताचा नसतो. लढ्याला कागद असतो: ठराव, वॉरंट, वर्तमानपत्र, मृत्यूची नोंद. संसाराला बहुधा नसतो. सरकारी दप्तर घराच्या झडतीची नोंद करते; झडती संपल्यावर त्या घरात चूल कशी पेटली, याची करत नाही. त्यामुळे पडद्यावर भाई आणि इंदू बोलू लागतात तेव्हा त्यांच्या तोंडचे शब्द पटकथा लिहिणाऱ्याला आपल्या मनातून आणावे लागतात. यात फसवणूक नाही. पण प्रेक्षकाला हा सांधा ओळखता यावा. आम्ही मुलांना वहीत तीन रकाने आखायला लावले: ‘नोंद’, ‘आठवण’ आणि ‘कल्पना’. प्रत्येक प्रसंग कोणत्या रकान्यात बसतो, ते त्यांनी ठरवायचे. सिद्धगड पहिल्या रकान्यात गेला. पतिपत्नींची बहुतेक दृश्ये तिसऱ्यात गेली. मुली जरा हिरमुसल्या. त्यांना तीच दृश्ये सर्वांत खरी वाटली होती.

तुलनेसाठी आम्ही ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ चित्रपटाचे काही भाग पुन्हा दाखवले. मामूटी यांचे बाबासाहेब आणि सोनाली कुलकर्णी यांच्या रमाई आपल्या घराघरांत पोहोचल्या आहेत. जवळजवळ तीन तासांच्या त्या चित्रपटात कोलंबिया, लंडन, महाड, नाशिक, गोलमेज परिषद, पुणे करार, संविधान, नागपूर इतके काही मावायचे असते, की संसार त्या फटींतून डोकावतो. रमाईंचे चरित्र मुलांना पाठ आहे: दापोलीजवळचे वणंद, १९०६ साली भायखळ्याच्या बाजाराच्या छपराखाली रात्री लागलेले लग्न, १९१३ ते १९१७ आणि पुन्हा १९२० ते १९२३ असा पतीचा परदेशवास, पाच मुलांपैकी चौघांचे मृत्यू, शेवटचा राजरत्नचा १९२६ मध्ये, आणि २७ मे १९३५ रोजी राजगृहात निधन. हे सारे कोणत्या रकान्यात? मुले म्हणाली, नोंद. मग आम्ही विचारले, रमाईंना काय वाटत होते, ते कोणत्या रकान्यात?

वर्ग गप्प झाला. रमाईंनी स्वतःचे आत्मचरित्र लिहिलेले नाही. पण येथे आपल्याला एक असा पुरावा लाभला आहे, जो फार थोड्या नेत्यांच्या संसाराबद्दल मिळतो. १९२८ साली ‘बहिष्कृत भारत’मध्ये, पत्र चालवण्याच्या ऋणाचा हिशेब वाचकांसमोर मांडताना, बाबासाहेबांनी आपल्या पत्नीचे ऋण छापून टाकले. आपण परदेशी असताना तिने रात्रंदिवस प्रपंच ओढला, डोक्यावरून शेणाचे भारे वाहिले, आणि परत आल्यावरही आपण तिच्या सहवासात दिवसातला अर्धा तास घालवू शकत नाही, अशा अर्थाची ती कबुली आहे. पुढे रमाईंच्या निधनानंतर पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ त्यांनी ‘रामू’च्या स्मृतीस अर्पण केला आणि त्या पानावरही विपन्नावस्थेतल्या तिच्या सोबतीचे स्मरण केले. वर्तमानपत्राच्या स्तंभात नवऱ्याने मांडलेला हा हिशेब पहिल्या रकान्यातला आहे. मात्र तो नवऱ्याच्या हातचा आहे, हेही मुलांनी कंसात लिहिले. आम्ही सांगितले नव्हते.

एका मुलाने विचारले, की मग चांगला संसार कोणता, हे ठरवायचे कशावरून? आमच्याकडे यासाठी १९४२ चेच माप होते. २० जुलै रोजी नागपूरला त्याच परिषदेच्या वेळी दलित महिलांची परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. तेथे बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, की लग्नाची घाई करू नका, मुलांना शिकवा, आणि लग्न झाल्यावर नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभ्या राहा. दासी होऊ नका. रमाईंना जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. पुढे १५ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला, माईसाहेबांनी ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ हे आत्मकथन लिहिले, म्हणजे त्या संसाराची हकीकत तरी आपल्याला पत्नीच्या लेखणीतून मिळते. त्याच पुस्तकावरून समाजात किती कटुता झाली, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. त्या तपशिलात आम्ही वर्गात गेलो नाही, येथेही जात नाही.

हे माप घेऊन मुले पुन्हा इंदूताईंकडे आली. चित्रपटात त्या प्रेमळ आहेत, धीराच्या आहेत, काळजी करतात. “पण सर,” एक मुलगी म्हणाली, “शाळा कोण चालवत होते, कोठीचे धान्य कोण मोजत होते, ते भाई रानात गेल्यावर बंद पडले का?” म्हणजे पत्नीने नवऱ्याला ओवाळले का, यापेक्षा त्याच्या मागे त्याचे काम कोणी धरून ठेवले, हे तिला जाणून घ्यायचे होते. हा प्रश्न आम्ही तिसऱ्या रकान्याच्या खाली, जाड रेषा मारून, सगळ्यांना लिहून घ्यायला लावला. आणि तो फक्त इंदूताईंपुरता नव्हता. दस्ता रानात राहिला तो काही महिने. माणसे जेवत असतील. डोंगरात ठाकर, महादेव कोळी, कातकरी यांच्या वाड्या आहेत. आपल्या शाळेत आज त्या वाड्यांची मुले शिकतात. मनोरे पाडणाऱ्यांची नावे स्मारकावर असतात. भाकरी थापणाऱ्यांची कोठे असतात?

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना काम दिले: घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला ‘बेचाळीस’बद्दल विचारा आणि जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत लिहून आणा. अर्ध्याहून अधिक वह्या कोऱ्या आल्या. काहींनी चित्रपटातलीच गोष्ट आजोबांच्या तोंडी घालून आणली. त्यांना आम्ही रागावलो नाही, रकाना बदलायला सांगितले. काहींनी महाडच्या, धर्मांतराच्या, १९५६ च्या आठवणी आणल्या. त्या आम्ही वेगळ्या बांधून ठेवल्या आहेत. त्यांवर कधीतरी स्वतंत्र लिहिता येईल.

आता दोन जानेवारीलाही सभागृह उघडते. सतरंज्या एक तारखेच्या रात्री उचलत नाही, तशाच राहू देतो. बुद्धवंदना होते, भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्या प्रतिमांना फुले वाहिली जातात, आणि मोठी मुले लहानांना खोपोली-भिवपुरीचा नकाशा काढून मनोऱ्यांची गोष्ट सांगतात. बाबासाहेब तेव्हा कुठे होते, हेही सांगतात.

त्या दिवाळीच्या वह्यांतली एक आम्ही कार्यालयातल्या कपाटात जपून ठेवली आहे. डोंगराच्या पायथ्याच्या एका ठाकरवाडीतल्या मुलीची ती वही. तिच्या आजीने सासूकडून ऐकलेले सांगितले होते: रानात माणसे लपली होती तेव्हा नाचणीच्या भाकऱ्या टोपलीत घालून, वर गवताचा भारा ठेवून, सासू डोंगर चढून गेली होती. कोणती माणसे, कोणते साल, हे आजीला सांगता आले नाही. मुलीने सारे ‘आठवण’ या रकान्यात लिहिले आणि सासूचे नाव विचारले. आजी बराच वेळ आठवत राहिली. तिला सगळे म्हातारीच म्हणायचे, असे शेवटी म्हणाली. मुलीने नावापुढची जागा मोकळी सोडली आहे.